लाल कंदील, हिरवा कंदील

आगगाडीच्या मार्गावर ठिकठिकाणी उभे असलेले सिग्नलचे खांब सर्वांच्या परिचयाचे असतात. जुन्या पद्धतीच्या खांबाला वरच्या टोकाशी एक लांबट हात असे. तो आडवा असला म्हणजे गाडीने थांबावयाचे आणि तो कलला म्हणजे पुढे जावयाचे. दिवसा इंजिनचालकाला एवढी खूण पुरेशी होती. हात कोणत्या रंगाने रंगविला आहे हे त्याला नीट कळले नाही तरी फारसे अडत नसे. सूर्य मावळला की मात्र खांब, हात, तारा हे सारे अंधारात बुडून जाई आणि उरे तो केवळ एक दिवा. त्या दिव्यापुढे लाल काच आली आहे की हिरवी, एवढ्या एका गोष्टीवर मागच्या डब्यांत निजलेल्या शेकडो प्रवाशांचे प्राण अवलंबून असत.

१८२५ साली इंग्लंडात वाफेच्या इंजिनाने ओढलेली पहिली सार्वजनिक आगगाडी धावली. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे, या दिव्याकडे पाहणाऱ्या माणसाला लाल आणि हिरवा यांतील भेद कळतो की नाही, हे तपासून पाहण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी नव्हती. कोणी नुसते विचारून पाहिले असते तरी त्याचा उपयोग झाला नसता. कारण ज्याला हा भेद दिसत नाही, त्याला आपल्या दृष्टीत काही उणीव आहे याची जाणीवच बहुधा नसते.

हे प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. परंतु थोडा विचार केला तर त्यात नवल काही नाही. लहान मूल रंगांची नावे शिकते ती मोठ्यांच्या तोंडून. गवत हिरवे, रक्त लाल, असे त्याला सांगितले जाते व तेही तसेच म्हणू लागते. त्याच्या डोळ्याला त्या दोन वस्तूंचा रंग प्रत्यक्षात कसा दिसतो, हे दुसऱ्याला पाहता येत नाही. अशा मुलाची भाषा बरोबर असते, उणीव असते ती दृष्टीत. आणि भाषा बरोबर असल्यामुळेच दृष्टीतील उणीव झाकली जाते. हिरव्या पानांआड पिकलेली लाल मिरची शोधावयास त्याला इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो, तेव्हा लोक त्याला वेंधळा म्हणतात. त्याच्या डोळ्यांवर संशय कोणी घेत नाही.

या दोषाचे पहिले काळजीपूर्वक वर्णन ज्याने केले, तो स्वतःच त्या दोषाचा धनी होता. अणुसिद्धान्तामुळे पुढे कीर्ती पावलेला इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन हा तो पुरुष होय. १७९२ साली एक गुलाबी फूल त्याने दिवसा पाहिले, तेव्हा ते त्याला आकाशासारखे निळे दिसले. तेच फूल रात्री मेणबत्तीच्या उजेडात त्याला तांबडे वाटू लागले. त्याने मित्रांना विचारले, तेव्हा असा बदल त्यांच्यापैकी बहुतेकांना दिसत नव्हता. दिसत होता तो केवळ त्याच्या सख्ख्या भावाला. मग त्याने आपल्या दृष्टीची पद्धतशीर परीक्षा आरंभिली व १७९४ साली मँचेस्टर येथील विद्वत्सभेत त्यावर निबंध वाचला. लॉरेल नावाच्या झुडपाचे हिरवे पान आणि तांबड्या लाखेची कांडी ही दोन्ही आपल्याला रंगाने अगदी जुळती दिसतात, असे त्याने त्यात नमूद करून ठेविले आहे.

आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असला पाहिजे व तोच तांबडे किरण अडवीत असला पाहिजे, असा डाल्टनचा तर्क होता. आपल्या मृत्यूनंतर डोळे तपासून हा तर्क पडताळून पाहावा, असे त्याने सांगून ठेविले. १८४४ साली तो वारला, तेव्हा वैद्याने त्याच्या इच्छेप्रमाणे डोळे तपासले. द्रव पाण्यासारखा नितळ निघाला! तर्क चुकला, पण डोळ्यांचे अवशेष मँचेस्टरला जपून ठेवण्यात आले. दीडशे वर्षांनंतर, १९९५ साली, संशोधकांनी त्या अवशेषांतील आनुवंशिक द्रव्य तपासून डाल्टनचा दोष नेमका कोणता होता हे निश्चित केले. सत्य जाणण्यासाठी स्वतःचे डोळे मागे ठेवून जाणारा आणि इतक्या उशिरा का होईना, उत्तर मिळविणारा असा शास्त्रज्ञ विरळाच.

आज या दोषाचे कारण आपल्याला ठाऊक आहे. डोळ्याच्या आतील पडद्यावर शंकूच्या आकाराच्या सूक्ष्म पेशी असतात. त्यांचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार प्रकाशाच्या निरनिराळ्या भागास अधिक प्रतिसाद देतो. या तिघांच्या संदेशांची तुलना करून मेंदू रंग ओळखतो. यांपैकी एक प्रकार नसला किंवा सदोष असला, तर काही रंग परस्परांत मिसळून जातात. सर्वाधिक आढळतो तो लाल व हिरवा यांच्यातील गोंधळ. हा दोष बहुधा जन्मतः असतो आणि तो आईकडून मुलाकडे येतो. त्याचे बीज ज्या गुणसूत्रावर असते, ते पुरुषांमध्ये एकच असते. स्त्रियांमध्ये ती दोन असल्याने एक सदोष असले तरी दुसरे ती उणीव भरून काढते. म्हणून युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरांत सुमारे आठ जणांना हा दोष असतो. स्त्रियांत मात्र दोनशेंत एखादीलाच. भारतीय पुरुषांत हे प्रमाण काहीसे कमी आढळते.

रेल्वेशी या दोषाचा संबंध पहिल्याने मोठ्या आग्रहाने दाखवून दिला तो एडिंबरोच्या जॉर्ज विल्सन याने. त्याने आपल्या शहरातील १,१५४ लोकांची परीक्षा घेतली. त्यांत ६५ जण कमीअधिक प्रमाणात रंगांध निघाले. १८५५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने इशारा दिला, की ज्या दोन रंगांत हे लोक फसतात, त्याच रंगांवर रेल्वेने आपली सुरक्षितता सोपविलेली आहे.

मग दुसरे रंग का निवडू नयेत? ते तितके सोपे नव्हते. त्या काळच्या तेलाच्या दिव्याची ज्योत पिवळसर असे. तिच्यात निळा प्रकाश मुळातच थोडा. त्यामुळे निळ्या काचेतून येणारा उजेड दूरवर पोचत नसे. पांढरा प्रकाश प्रथम वापरात होताच. इंग्लंडात आरंभी लाल म्हणजे ‘थांबा’, हिरवा म्हणजे ‘सावध’ आणि पांढरा म्हणजे ‘मार्ग मोकळा’ असा संकेत होता. परंतु लाल काच फुटून पडली, तर मागचा उघडा दिवा पांढराच दिसावयाचा आणि ‘थांबा’ या आज्ञेची ‘खुशाल जा’ अशी आज्ञा व्हावयाची! शिवाय रुळांच्या कडेच्या घरांतील दिवेही पांढरेच. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्याची जागा हिरव्याने घेतली. अशा रीतीने एक धोका टाळण्याच्या प्रयत्नात ‘जा’ आणि ‘थांबा’ या दोन आज्ञा नेमक्या त्याच दोन रंगांच्या हाती गेल्या, ज्यांत रंगांध मनुष्य घोटाळतो.

येथे एक शंका मनात येते. असे कित्येक चालक वर्षानुवर्षे गाड्या हाकीत होते, तर रोज अपघात का घडत नसत? याचे उत्तर असे, की रंगांध मनुष्य आंधळा नसतो. त्याला दिवा दिसतो, त्याचा तेजस्वीपणा दिसतो. अनेकांना लाल दिवा अंधुक व हिरवा उजळ दिसे आणि या फरकावरून ते न कळत अंदाज बांधीत. कोणत्या स्थानकावर बहुधा थांबावे लागते, हे अनुभवाने पाठ झालेले असे. शेजारी उभा असलेला कोळसेवालाही दिवा पाहून बोलत असे. स्वच्छ रात्री हे सारे जमून जाई. परंतु धुके पडले, काचेवर काजळी धरली किंवा दिव्यातले तेल कमी झाले, की हिरवा दिवाही अंधुक दिसे; आणि नुकताच पुसून तेल घातलेला लाल दिवा उजळ दिसे. नव्याण्णव वेळा खरा ठरणारा अंदाज शंभराव्या वेळी चुकला, तर त्याची किंमत केवढी द्यावी लागेल, हाच खरा प्रश्न होता.

१८७५ च्या नोव्हेंबर महिन्यात, १४ व १५ तारखांच्या मधल्या रात्री, स्वीडन देशात हा प्रश्न साऱ्या जगापुढे आला. तेथील एका एकेरी मार्गावरून दोन जलद गाड्या समोरासमोरून येत होत्या. नेहमी त्या लिन्शोपिंग या स्थानकावर एकमेकींना ओलांडीत. त्या रात्री मात्र ही भेट आयत्या वेळी बांकेबेर्ग नावाच्या लहान स्थानकावर ठरविण्यात आली. उत्तरेकडे जाणारी गाडी तेथे आधी पोचली. तिचा वेग इतका मंदावला, की ती आता थांबणारच असे वाटले. इतक्यात, का ते कोणालाच कळले नाही, तिने पुन्हा वेग घेतला. स्टेशनमास्तरने व लाइनमनने खुणा केल्या, पण त्या व्यर्थ गेल्या. पुढे लागेरलुंडा नावाच्या जहागिरीच्या हद्दीत दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळल्या. नऊ माणसे प्राणास मुकली.

उप्साला विद्यापीठात फ्रिथिऑफ होल्मग्रेन नावाचा शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक होता. त्या गाडीचा चालक किंवा त्याचा मदतनीस रंगांध असला पाहिजे, असे त्याने सुचविले. ते दोघेही अपघातात मरण पावले असल्यामुळे हे तपासून पाहणे कोणालाच शक्य नव्हते. २०१२ साली दोन अभ्यासकांनी त्या खटल्याचे जुने कागदपत्र पुन्हा वाचले आणि केवळ रंगांधतेवर या अपघाताचा ठपका ठेवता येत नाही, असा निष्कर्ष काढला. आयत्या वेळी बदललेली भेटीची जागा आणि रात्रीच्या घाईत केलेल्या खुणा, यांचाही विचार करावाच लागतो. एका मृत चालकावर सिद्ध न झालेला दोष लादला गेला, हे खरे. मात्र होल्मग्रेन त्या तर्कावर थांबला नाही. त्याने जिवंत चालकांकडे मोर्चा वळविला, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे.

१८७६ साली त्याने उप्साला ते येव्ले या लोहमार्गावरील २६६ नोकरांची परीक्षा घेतली. त्यांतील १३ जण रंगांध निघाले; म्हणजे वीस जणांत सुमारे एक! आतापर्यंत ज्यांच्यावर कोणी बोट ठेविले नव्हते, अशी ही कामावर असलेली माणसे होती. लवकरच स्वीडनने रेल्वेच्या नोकरांसाठी ही परीक्षा सक्तीची केली.

होल्मग्रेनची परीक्षा अतिशय साधी होती आणि तिच्या साधेपणातच तिचे मर्म होते. टेबलावर शंभराहून अधिक लोकरीच्या लडी पसरलेल्या असत. हिरव्या, तांबड्या, निळ्या, करड्या, तपकिरी, गुलाबी, आणि प्रत्येक रंगाच्या फिक्या व गडद छटा. परीक्षक त्यांतून एक फिकट हिरवी लड उचलून बाजूला ठेवी आणि सांगे, “हिच्याशी रंगाने जुळणाऱ्या लडी निवडून काढा.” एवढेच. रंगाचे नाव सांगावयाचे नाही की विचारावयाचे नाही. कारण नाव पाठ करता येते. उलट, ज्याची दृष्टी उत्तम आहे अशा एखाद्या अशिक्षित मजुराला रंगांची नावेच कमी ठाऊक असू शकतात. नावे विचारली तर तो बिचारा विनाकारण नापास व्हावयाचा. येथे जीभ बाजूला राहून हातालाच बोलावे लागे. निर्दोष दृष्टीचा मनुष्य भराभर हिरव्या लडी वेचून ठेवी. रंगांध मनुष्याचा हात मात्र अडखळे. तो एखादी लड उचली, खाली ठेवी, पुन्हा उचली आणि अखेर हिरव्याबरोबर करड्या व मातकट लडीही जमा करी. पुढे गुलाबी लड देऊन दुसरी परीक्षा होई. तिच्याशी कोणी निळ्या व जांभळ्या लडी जुळवी, तर कोणी हिरव्या व करड्या. त्यावरून दोष कोणत्या प्रकारचा, याचाही उलगडा होई.

ही परीक्षा थोड्याच वर्षांत युरोपात व अमेरिकेत पसरली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे हजारो नोकर तपासावयाचे होते आणि तितके वैद्य मिळणे कठीण होते. तेव्हा फिलाडेल्फियाच्या विल्यम टॉमसन या डॉक्टरने एका काठीला क्रमांक घातलेल्या लडी टांगून घेतल्या. उमेदवाराने निवडलेल्या लडींचे क्रमांक साध्या कर्मचाऱ्याने कागदावर टिपावयाचे व डॉक्टरने ते पाहून निर्णय द्यावयाचा, अशी ती सोय होती.

या परीक्षेत जो नापास होई त्याच्यावर काय प्रसंग ओढवे, याचीही कल्पना केली पाहिजे. वीस वर्षे बिनचूक काम केलेल्या मनुष्यास एके दिवशी लोकरीच्या ढिगापुढे बसवावयाचे आणि काही क्षणांत ‘तू या कामास अपात्र आहेस’ असे सांगावयाचे! त्याने चूक केलेली नाही, त्याला रोग जडलेला नाही, आणि ज्या उणिवेसाठी त्याचे काम जाते ती तर जन्मापासूनच त्याच्यापाशी होती. अशा माणसाचा राग समजण्याजोगा होता. म्हणूनच परीक्षा निर्दोष असणे अगत्याचे होते. इंग्लंडात अनेक कंपन्या आपापल्या परीने, कशीतरी, रंगांची नावे विचारून ही परीक्षा घेत. १८९० साली तेथील रॉयल सोसायटीने या विषयावर एक समिती नेमली. १८९२ मध्ये तिने आपला अहवाल दिला. परीक्षा जाणत्या परीक्षकाने घ्यावी, आणि नापास होणाऱ्या उमेदवारास तज्ज्ञाकडे दाद मागण्याचा हक्क असावा, असे समितीने सांगितले. हा दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच महत्त्वाचा म्हटला पाहिजे.

लोकरीची परीक्षाही सर्वस्वी निर्दोष नव्हती. हातोहाती फिरून लडी मळत, त्यांचे रंग उडत. शिवाय टेबलावरची मोठी लड जुळवणे वेगळे आणि दूर अंतरावरचा मोहरीएवढा दिवा ओळखणे वेगळे. सौम्य दोष असलेले काही जण पहिल्यात निभावून जात व दुसऱ्यात फसत. म्हणून एड्रिज-ग्रीन नावाच्या इंग्रज डॉक्टरने एक खास कंदील तयार केला. अंधाऱ्या खोलीत उमेदवाराला दूर बसवून त्याला लहान छिद्रातून निरनिराळ्या रंगांचे दिवे दाखवावयाचे. मध्येच धुक्याचा किंवा पावसाचा भास करून देणाऱ्या काचा सरकवावयाच्या. येथे रंगाचे नाव सांगावे लागते. पण ते सिग्नलच्याच रंगांचे, आणि प्रत्यक्ष कामावर ते ओळखावेच लागते. होल्मग्रेनने दाराबाहेर काढलेले नाव असे खिडकीतून पुन्हा आत आले! बरीच वर्षे वाद झाल्यावर इंग्लंडात नाविकांच्या परीक्षेतही लोकरीची जागा कंदिलाने घेतली.

यानंतर आली ती आज सर्वत्र रूढ असलेली परीक्षा. जपानच्या सैन्यातील नेत्रवैद्य शिनोबू इशिहारा याने १९१७ साली ठिपक्यांची चित्रे प्रसिद्ध केली. ठिपक्यांच्या चित्रांची कल्पना त्यापूर्वी श्टिलिंग या जर्मन नेत्रवैद्याने मांडली होती. इशिहाराने तिला फार कौशल्याने पूर्णत्व दिले. पानावर एक वर्तुळ आणि त्यात लहानमोठे असंख्य ठिपके. काही ठिपके फिके, काही गडद, त्यामुळे उजळपणावरून अंदाज बांधण्याची वाट बंद होते. निराळ्या रंगाच्या ठिपक्यांनी मध्ये एक आकडा लिहिलेला असतो आणि तो केवळ रंगामुळेच वाचता येतो. पहिल्या पानावरचा १२ हा आकडा सर्वांना दिसतो. तोही दिसत नाही असे सांगणाऱ्याविषयी परीक्षकाला निराळाच संशय येतो. दुसऱ्या एका पानावर निर्दोष दृष्टीला ७४ दिसतात, तर लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्यास २१. काही पाने याहून गमतीची आहेत. त्यांवर चांगल्या डोळ्यांना काहीच वाचता येत नाही आणि रंगांध मनुष्य मात्र आकडा वाचून दाखवितो! ज्यांना आकडे येत नाहीत, त्यांच्यासाठी शेवटी नागमोडी वाटा काढलेल्या आहेत. वाटेवरून कुंचला फिरवून दाखविला की झाले. कोणी पाने पाठ करून येऊ नये म्हणून परीक्षक त्यांचा क्रम बदलतात, आणि रंग खराब होऊ नयेत म्हणून पानांना बोट लावू देत नाहीत.

भारतात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हा होल्मग्रेनच्या परीक्षेला अजून तेवीस वर्षे अवकाश होता. आज भारतीय रेल्वेत इंजिनचालक, ज्याला आता लोको पायलट म्हणतात, त्याची दृष्टी सर्वांत कडक कसोटीस लावली जाते. इशिहाराची पाने आणि अंधाऱ्या खोलीतील कंदील, या दोन्हींचा त्यात समावेश असतो. नोकरीत शिरताना एकदा तपासणी झाली म्हणजे संपले असेही नाही, कारण क्वचित आजारामुळे किंवा औषधामुळेही रंगदृष्टी बिघडते; म्हणून ठरावीक काळाने ती पुन्हा केली जाते. जो पुढे अपात्र ठरतो त्याला रेल्वेतच दुसरे काम देण्याची तरतूद आहे. होल्मग्रेनच्या काळच्या नोकरास असा भरवसा नव्हता.

सुधारणेमुळे या परीक्षेची गरज कमी झाली असेल, असे वाटण्याचा संभव आहे. घडले आहे ते उलटच. कलणारा हात असलेले जुने खांब बहुतेक मार्गांवरून गेले आणि त्यांच्या जागी दिव्यांचे सिग्नल आले. लाल म्हणजे थांबा. एक पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल ‘थांबा’ सांगत असेल या तयारीने सावकाश चला. दोन पिवळे म्हणजे लक्ष ठेवून चला. हिरवा म्हणजे मार्ग मोकळा. पूर्वी दिवसा तरी हाताच्या आकारावरून भागत असे. आता भर दुपारीसुद्धा चालकाला दिव्याचा रंगच ओळखावा लागतो.

ज्या मुलामुलींना पुढे रेल्वेचे इंजिन चालवावयाची इच्छा असेल, त्यांनी आपली रंगदृष्टी नेत्रवैद्याकडून लवकर तपासून घ्यावी. आईचे वडील किंवा मामा रंगांध असतील, तर मुलांनी विशेषच. या तपासणीस पाचदहा मिनिटे पुरतात आणि तीत काही दुखत नाही. दोष निघाला तरी रंग ओळखण्याची अट नसलेली कामे रेल्वेत व रेल्वेबाहेर पुष्कळ आहेत. डाल्टनने तर याच डोळ्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्राचे प्रयोग केले.